कादंबरीकाराचा आठवडा



हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्यांवर आजवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यांचे स्वभावचित्रण, त्यांची भाषा, त्यांचा वास्तववाद या विषयांत मी शिरणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. माझे आयुष्य पाळी, हजेरी, रोज आणि खाडा या चार शब्दांत गेले. त्यामुळे कोणाचेही काम पाहिले की माझ्या मनात आधी धंद्याचे प्रश्न उभे राहतात. हा मनुष्य कामाला केव्हा बसत होता? किती दिवसांनी किती माल काढीत होता? त्याला सूत कोण पुरवीत होते? आणि तयार झालेले कापड शेवटी कोणाच्या मालकीचे झाले? कादंबरी हाही हाताने केलेला माल आहे. तो करणाऱ्याला पोट आहे, घरभाडे आहे, आजारपण आहे. आपण वाचक मात्र पुस्तक हाती घेताना ते झाडावरून पडल्यासारखे घेतो.

शिवाय एका शब्दाचा मला छडा लावावयाचा आहे. आपल्याकडील जुन्या पुस्तकांवर ‘स्वतंत्र कादंबरी’ असे छापलेले असे. त्याचा अर्थ एवढाच, की हे भाषांतर नव्हे, गोष्ट लेखकाच्या डोक्यातली आहे. परंतु गोष्ट स्वतंत्र असली म्हणजे ती लिहिणारा स्वतंत्र असतो काय? या प्रश्नाच्या मागे लागून मी हरिभाऊंपर्यंत गेलो, आणि तेथून अण्णा भाऊ साठे यांच्यापर्यंत आलो.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले, तेव्हा चिपळूणकर, टिळक, आगरकर अशी माणसे तेथे होती. अशा शाळेतून निघालेला मुलगा गुरूंची री ओढील असे वाटावे. पण या मुलाने आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या हॅम्लेटच्या भाषांतरावर बहात्तर पानांचे टीकात्मक परीक्षण लिहून छापविले. पुढे कॉलेजात गणिताने दगा दिला आणि पदवी काही मिळाली नाही. ज्यांच्या हाती कसलेच प्रमाणपत्र नाही अशा माझ्यासारख्यांना ही हकीकत वाचून थोडे बरे वाटते, हे लपवून काय उपयोग?

पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’. ती १८८५ साली पुण्याच्या एका वृत्तपत्रातून क्रमशः येऊ लागली. ती रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लंडनवरील कादंबरीच्या धर्तीवर बेतलेली होती. आमचे टीकाकार रेनॉल्ड्सचे नाव घेताना नाक मुरडतात. खून, जुगार, बदफैली यांचा भडक माल विकणारा म्हणून त्याला बाजूला सारतात. परंतु हा रेनॉल्ड्स कोण होता? १८४८ साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात जी मोठी सभा भरली, तिचे अध्यक्षपद त्याने स्वीकारले होते. तो चार्टिस्टांचा, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या कामकऱ्यांचा पुढारी होता. त्याची लंडनवरील गोष्ट १८४४ पासून आठवड्याला एका पेनीला एक भाग अशी विकली जाई. पेनी ही गरिबाची नाणी. ज्याला सबंध पुस्तक विकत घेणे कधीच शक्य नाही, त्याने ते आठवड्याच्या हप्त्याने घ्यावे, ही त्यातील युक्ती. डिकन्सने ‘पिक्विक’ १८३६-३७ मध्ये मासिक भागांनी काढली, तिची किंमत भागाला एक शिलिंग. तेवढे मध्यम स्थितीच्या माणसालाच परवडे. हप्त्याची कादंबरी आपल्याकडे आली ती या वाटेने, आणि तिच्या उगमापाशी एक चळवळ्या मनुष्य उभा आहे एवढे ध्यानात असू द्यावे.

आता १८९० साल घ्या. या सालाजवळ मी थोडा थांबणार आहे.

१८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना चालवीत होते. त्यांची एक साधी मागणी होती, की आठवड्याला एक दिवस सुटी असावी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. याच वर्षी, लोखंड्यांच्याच खटपटीने, मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे त्यांनी ठरविले. हत्यार ज्याच्या हातात, त्यानेच ते खाली ठेवले. संप हा शब्द आपण पगारासाठी वापरतो. येथे तो दुसऱ्याच्या डोक्यावरील केसांसाठी केला गेला. कामगार चळवळीच्या इतिहासात याला जोड सापडणे कठीण.

त्याच १८९० साली पुण्यात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले, आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी येऊ लागली. ती यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगते. लहानपण, लग्न, सासर, थोडेसे सुख, मग वैधव्य, आणि अखेरीस बळजबरीने झालेले केशवपन. मुंबईतला न्हावी वस्तरा खाली ठेवीत होता आणि पुण्यातला लेखक वस्तऱ्याखालच्या मुलीला बोलते करीत होता. एकाला दुसऱ्याची वार्ता होती किंवा नव्हती यावर मी काही म्हणत नाही. पण दोघांचे बोट एकाच जागी पडले, कारण दुखणे तेथे होते.

विधवांचा प्रश्न कादंबरीत नवा नव्हता. बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीच लिहिली होती. नवे होते ते हप्त्यांचे गणित. ही कादंबरी १८९० ते १८९३ अशी तीन वर्षे चालली. या तीन वर्षांत बाहेर काय चालले होते? फुलमणी नावाच्या मुलीच्या मृत्यूचा खटला कलकत्त्यात १८९० मध्ये झाला. त्यावरून संमतिवयाचे बिल आले आणि मार्च १८९१ मध्ये त्याचा कायदा झाला. पुण्यात त्यावरून सभा उधळल्या जात होत्या. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० च्या अखेरीस मुंबईहून पुण्यास आले होते. आगरकर ‘सुधारका’तून १८८८ पासून आसूड ओढीत होते. अशा वेळी घरातील पुरुष दिवाणखान्यात बिलावर भांडत असत, आणि आतल्या सोप्यावर दर आठवड्याला यमू येऊन बसत असे. लेखाशी वाद घालता येतो. तीन वर्षे दर आठवड्याला घरी येणाऱ्या मुलीशी वाद कसा घालणार? ती आपलीच होऊन जाते, आणि मग एका आठवड्यात तिच्यावर वस्तरा चालतो.

हरिभाऊंचा हेतू येथे उघड दिसतो. साप्ताहिकाला ‘करमणूक’ असे निरुपद्रवी नाव देऊन त्यांनी ते बायकामुलांच्या हाती पोहोचविले. सामाजिक कादंबऱ्यांना ते ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत. यातही एक मर्म आहे. राजे, अप्सरा, गंधर्व यांच्या गोष्टींची ज्या काळी चलती होती, त्या काळी आजच्या, शेजारच्या घरातल्या गोष्टीला किंमत आहे असे म्हणणे ही छोटी गोष्ट नव्हे. ‘मी’ या कादंबरीतील नायक संसार सोडून देशसेवेला वाहून घेणाऱ्यांचा मठ काढतो. ती कादंबरी १८९३-९५ ची. गोखल्यांची भारत सेवक समाज ही संस्था निघाली १९०५ साली. ‘काळ तर मोठा कठीण आला’ या गोष्टीत दुष्काळाने पिचलेले खेड्यातील कुटुंब आहे. दुष्काळ म्हणजे काय हे सोलापूरकरांना पुण्याच्या लेखकाने सांगावयास नको. १८७६-७७ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याने भोगला आणि १८७७ साली आपली जुनी गिरणी सुरू झाली. शेतातून उठलेला माणूस साच्यावर कसा आला, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे. तरीही पांढरपेशा वस्तीतल्या लेखकाने भाकरी नसलेल्या घरात डोकावून पाहिले, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

आता कामाच्या पद्धतीकडे वळतो. माझी खरी गोडी तेथेच आहे.

सुमारे सत्तावीस वर्षे, १८९० पासून १९१७ पर्यंत, हरिभाऊ ‘करमणूक’ चालवीत होते. आठवडे मोजले तर ते चौदाशेंच्या घरात जातात. दर आठवड्याला छापखान्याला मजकूर हवा. जुळारी खिळे घेऊन उभा आहे आणि प्रकरण अजून लेखकाच्या डोक्यात आहे, ही अवस्था ज्यांनी साधे हस्तपत्रक छापून घेतले असेल त्यांनाही कळेल. त्यातही काम एकच नव्हे. यमूची गोष्ट चालू असतानाच टिपू सुलतानावरील ‘म्हैसूरचा वाघ’ चालू होती. ती मेडोज टेलरच्या कादंबरीवरून घेतलेली. (हा टेलर आपल्या शेजारच्या नळदुर्गला काही वर्षे अंमलदार होता.) १८९२ ते ९५ ‘यशवंतराव खरे’, त्यातच ‘मी’, तोच १८९५ मध्ये शिवकालावरील ‘उषःकाल’ सुरू. एका साचेवाल्याने दोन साचे सांभाळावेत तसा हा प्रकार, आणि एकावर धोतर तर दुसऱ्यावर लुगडे. स्फुट गोष्टी व इतर मजकूर वेगळाच.

टीकाकार म्हणतात, त्यांच्या कादंबऱ्या पसरट आहेत, रचना ढिली आहे, पुनरुक्ती आहे. असेल. पण आपण सोलापूरचे लोक आहोत, चादर कशी निघते हे आपण पाहिलेले आहे. जकार्डाच्या चादरीची नक्षी आधी कागदावर काढतात, मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात, ती कार्डे मागावर चढवितात, आणि मगच विणकर पाय हलवितो. सबंध फूल आधी ठरलेले असते. हरिभाऊ विणीत होते ते कार्डांवाचून. पहिला हात विणून झाला की तो कापून गिऱ्हाइकाकडे गेला. तो आता उसवता येत नाही. पुढच्या आठवड्याचे फूल मागच्या आठवड्याच्या फुलाशी जुळले पाहिजे, आणि मागचे तर घरोघरी जाऊन पडलेले. मागील अंक हरवलेल्या वाचकासाठी थोडे पुन्हा सांगावे लागते. त्यालाच पुढे पुस्तक झाल्यावर पुनरुक्ती असे नाव पडते. वस्तू पाहताना ती कोणत्या यंत्रावर निघाली हे न पाहता दोष काढणे हा मुकादमाचा स्वभाव होय, जाणकाराचा नव्हे.

या पद्धतीची झळ लागली ती अशी, की काही कादंबऱ्या पुऱ्या झाल्याच नाहीत. ‘गणपतराव’ अपुरी, ‘आजच’ अपुरी, अखेरची ‘कर्मयोग’ अपुरी. पुण्याच्या नगरपालिकेचे काम, अध्यक्षपद, शाळांच्या खटपटी, १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. या सर्वांतून वेळ काढून लिहावयाचे. तरी ‘वज्राघात’ ही विजयनगरच्या पाडावावरील मोठी कादंबरी त्यांनी पन्नाशीच्या सुमारास तडीस नेली. ‘करमणूक’ १९१७ मध्ये थांबले आणि ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ गेले. पंचावन्न पुरे व्हायला पाच दिवस होते.

येथे तो मघाचा प्रश्न पुन्हा विचारतो. हे सारे चालले कशावर? हरिभाऊंनी सरकारी नोकरी केली नाही, संस्थानिकाचा आश्रय घेतला नाही. पण त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई हायकोर्टातील नावाजलेले वकील. संस्कृत पोथ्या जपण्यासाठी व छापण्यासाठी त्यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम काढला आणि त्याची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. राहण्याला छप्पर, हाताशी छापखाना, आणि स्वतःचे साप्ताहिक. म्हणजे माग त्यांचा, सूत त्यांचे, दुकानही त्यांचे. यात त्यांच्या थोरवीला काही बाध येत नाही. पुष्कळांना छप्पर असते, चौदाशे आठवडे कोणी बसत नाही. परंतु लेखकाचे स्वातंत्र्य नुसते मनगटात असते असे कोणी सांगू लागला, तर त्याला आनंदाश्रमाचा पत्ता द्यावा.

त्यांच्यानंतरच्या मंडळींना मी धावत्या गाडीतून पाहावे तसे पाहतो. नाथमाधव सिंहगडावरून पडून कमरेखाली लुळे झाले आणि अंथरुणावर पडून त्यांनी ‘वीरधवल’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या, मामा वरेरकरांनी पोस्टातली नोकरी भोगलेली, आणि १९३३ साली ‘धावता धोटा’ लिहून गिरणी कामगाराला मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणून उभे केले. ते पुस्तक आमच्या लोकांनी हाती घ्यावे असे मी नेहमी सांगतो. पण वरेरकरांनी कामगार पाहिला होता. कामगाराने स्वतः लेखणी धरली ती पुढे.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णा भाऊ, १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला मांगवाड्यात जन्मले. शाळा अवघी दीड दिवस. लहानपणी आईबापांबरोबर पायी मुंबईची वाट धरली. तेथे हमाली, मिळेल ती मजुरी, मग गिरणी. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पत्रके वाचून. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. यातील अमर शेख आपल्या बार्शीचे, हे मी सोलापुरात सांगितले नाही तर मला घरी कोणी जेवू घालणार नाही. या पथकाच्या तमाशावर पुढे मुंबई सरकारने बंदी घातली. सरकारला कादंबरीपेक्षा ढोलकीचे भय अधिक, असा माझाही अनुभव आहे.

अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांची संख्या पस्तिसाच्या आसपास जाते. कथा, पोवाडे, लोकनाट्ये निराळी. हे सर्व मुख्यतः वीस वर्षांत, आणि घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून. ‘फकिरा’ १९५९ ची. तिला १९६१ साली राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आहे. तिचा नायक हा त्यांच्या नात्यातला, वारणेकाठचा, इंग्रजांविरुद्ध उठलेला मनुष्य. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या आणि रोजची हजेरी लावली. सोलापूरला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही; आपल्याकडे सेटलमेंट होती, तिला तारेचे कुंपण होते, आणि त्या कुंपणातून माणसे गिरणीत पाळीला जात. गिरणीच्या मस्टरवर एक हजेरी आणि चौकीत दुसरी. तो कायदा १९५२ साली गेला. सात वर्षांनी ‘फकिरा’ आली. ज्यांना कागदावर गुन्हेगार म्हणून लिहिले गेले होते, त्यांना त्यांच्यातल्याच एकाने कागदावर वीर म्हणून लिहिले. हा त्या लेखकाचा हेतू होता, आणि तो त्याने कोठे लपविलेला नाही.

हरिभाऊ आणि अण्णा भाऊ यांच्यात साम्य एकच, झपाटा. दोघांनाही सावकाश घासूनपुसून लिहिण्याची चैन नव्हती. पण हरिभाऊंना घाई होती ती स्वतःच्या छापखान्याची. अण्णा भाऊंना घाई होती ती चुलीची. विडी कामगार स्त्रियांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. पाने कापणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे हे सारे त्या हजारात. आणि तपासणारा ज्या विड्या बाजूला काढतो त्यांचा पैसा नाही. पुस्तकाचे सर्वाधिकार एकरकमी विकून टाकणाऱ्या लेखकाची गत याहून फारशी वेगळी नसते. रक्कम हाती पडते, महिनाभरात सरते. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहतात आणि लेखक पुढचे पुस्तक लिहावयास बसलेला असतो. ‘वैजयंता’वर १९६१ मध्ये चित्रपट आला, ‘फकिरा’वर १९६३ मध्ये, ‘वारणेचा वाघ’वर १९७० मध्ये. हा शेवटचा लेखकाच्या मृत्यूनंतरचा. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले, वय ४८. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले.

या सभेत लिहिणारी तरुण मंडळी असतील, म्हणून जाता जाता थोडे कायद्याचे बोलतो. सवय सुटत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे त्याच्या वारसांचा हक्क चालावा असा पूर्वी नियम होता. त्या हिशेबाने हरिभाऊंच्या पुस्तकांवरील हक्क १९६९ साली संपला, म्हणजे नेमका ज्या साली अण्णा भाऊ गेले त्या साली. पुढे १९९२ मध्ये ही मुदत साठ वर्षांची झाली. त्यामुळे अण्णा भाऊंच्या लेखनावरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. १९९४ च्या दुरुस्तीपासून असेही कलम आहे, की हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरती धरावी. आमच्या एका यंत्रमाग कामगाराने कथा लिहिल्या आहेत. एका प्रकाशकाने त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला, त्यात ‘कायमचे व सर्व हक्क’ असे शब्द होते. आम्ही तो कागद युनियनच्या कचेरीत दिव्याखाली ठेवून तीन वेळा वाचला, ‘कायमचे’ हा शब्द खोडला, तेथे ‘पाच वर्षे’ लिहिले, आणि मानधनाच्या जागी शेकड्याचा आकडा भरून परत पाठविला. अद्याप उत्तर आलेले नाही. त्याने दुसरा संग्रह लिहावयास घेतला आहे. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी दोन तास, रविवार धरून.